सुट्या भागांचा संगणक

आपल्या शाळेत संगणक आला तेव्हा त्याच्या खोलीत चपला काढून जावे लागे, हे बॅचमधल्या बऱ्याच जणांना आठवत असेल. त्यामुळे तो यंत्र कमी आणि देव जास्त वाटायचा. पुढे १९९९ मध्ये तोच संगणक मी घरी स्क्रू-ड्रायव्हरने जोडला. हे शक्य कसे झाले, ती गोष्ट यवतमाळपासून फार लांब सुरू होते.

ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमने पीसी बाजारात आणला. घाई होती, म्हणून प्रोसेसर इंटेलचा घेतला, डॉस मायक्रोसॉफ्टची घेतली आणि आतल्या रचनेची माहिती पुस्तकात छापून टाकली. हक्काचे राहिले ते बायॉस. कॉम्पॅकने हुबेहूब तसेच वागणारे बायॉस नव्याने लिहिले आणि कुंपण मोडले. मग एकाचा बोर्ड, दुसऱ्याची डिस्क, तिसऱ्याचा डबा एकमेकांत बसू लागले. आपल्याकडे १९८४ च्या संगणक धोरणाने आयात सैल झाली, १९९७ मध्ये भारत माहिती तंत्रज्ञान करारात सामील झाला आणि शुल्क टप्प्याटप्प्याने उतरू लागले. तैवानचे मदरबोर्ड नागपूरच्या सीताबर्डीत मिळू लागले ते असे.

यात वऱ्हाडाचाही वाटा आहे. अमेरिकेने हवा तेवढा ताकदवान महासंगणक द्यायला नकार दिला, तेव्हा पुण्याच्या सी-डॅकने बाजारात मिळणारे ट्रान्सप्युटर जोडून १९९१ मध्ये ‘परम ८०००’ उभा केला. त्या कामाचे प्रमुख डॉ. विजय भटकर मूर्तिजापूर तालुक्यातल्या मुरंब्याचे. आपली शकुंतला गाडी जायची त्याच मूर्तिजापूरचे!

आमच्या घरी पैसा आला तो कापसाच्या चुकाऱ्यातून. बहिणीची फी बाजूला काढून जे उरले ते बाबांनी माझ्या हातात ठेवले आणि विचारले, “अख्खी मशीन घे ना बापा, तुकडे कायले आणतं?” कंपनीचा तयार संगणक त्या रकमेत बसत नव्हता. शिवाय माझ्या मते खरा फायदा दुरुस्तीचा होता : बिघडेल तेवढाच भाग बदलायचा.

वर्ध्यामार्गे एसटीने परतताना मॉनिटरचे खोके सीटवर आणि मी उभा.

जोडणी सतरंजीवर केली. आधी कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावायचा, म्हणजे अंगातली स्थिर वीज उतरते. सेलेरॉन ३६६ सॉकेटमध्ये जोर न लावता बसला, पण त्यावरच्या पंख्याची क्लिप लावताना घाम फुटला. स्क्रू-ड्रायव्हर सटकून बोर्डावर ओरखडा पडला असता, तर चुकारा गेला असता. ३२ एमबी रॅम, ४.३ जीबीची हार्ड डिस्क. डिस्क आणि सीडी ड्राइव्ह एकाच केबलवर, म्हणून जंपर बदलून एक मास्टर, दुसरा स्लेव्ह. केबलची लाल कड एक नंबरच्या पिनेकडे. बटण दाबले. एक बारीक ‘बीप’ झाली आणि आई म्हणाली, “बिघडला का?” ती एकच बीप म्हणजे सारे ठीक.

पुढच्या उन्हाळ्यात भारनियमनानंतर वीज आली ती जास्त दाबाने, आणि एसएमपीएस जळाला. जुना काढला, नवा लावला, अर्ध्या तासात काम सुरू. बाबा शेजारीच बसून बघत होते. त्यानंतर तुकड्यांचा विषय घरात निघाला नाही.

मराठीचे मात्र हाल होते. युनिकोड आपल्यापर्यंत पोचले नव्हते. एका फॉन्टमध्ये लिहिलेली लग्नपत्रिका दुसऱ्या संगणकावर उघडली की वधू-वरांची नावे विचित्र खुणांत दिसत. म्हणून फ्लॉपीत मजकुराबरोबर फॉन्टही घेऊन छापखान्यात जायचो. दोन लग्नसराया अशा पत्रिका जुळवल्या, आणि बहिणीच्या दुसऱ्या वर्षाची फी त्याच पैशांतून भरली.