पट मोठा की मूल?

1848 मध्ये बुधवार पेठेतल्या भिडे वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा काढली. मुली शाळेत दाखल होणं अवघड होतंच. त्या रोज येत राहणं त्याहून अवघड. गळती थांबावी म्हणून फुले दांपत्यानं विद्यावेतनही दिलं. मूल आज का आलं नाही, हा घोर पुण्याला तेव्हापासूनचा.

गोपाळ कृष्ण गोखल्यांनी 1911 मध्ये प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं. जिथे निदान 33 टक्के मुलं आधीच शिकत असतील तिथे सक्ती करावी आणि ती राबवायला हजेरी समित्या असाव्यात, अशी त्यांची योजना होती. पुढच्या वर्षी विधेयक नामंजूर झालं. नंतर पुण्यात सक्तीच्या शिक्षणावरून वाद पेटला, तेव्हा मुलींना वगळू नका म्हणून रमाबाई रानडे चळवळीत उतरल्या.

मी शिक्षिका झाले ती पर्वती पायथ्याच्या एका शाळेत. दर महिन्याला कॅटलॉग हातानं आखायचा. नावं निळ्या शाईनं, रविवार आणि सुट्ट्या लाल शाईनं. महिनाअखेरीला आडवी-उभी बेरीज जुळवून सरासरी उपस्थिती काढायची. बेरीज जुळायची, पण बांधकामाची साइट संपली म्हणून बिऱ्हाडासकट गेलेली मुलगी कुठे आहे, ते तिच्या नावापुढच्या ‘ग’वरून कळत नसे. ते वस्तीत जाऊन शेजारणींना विचारलं तरच कळे.

याच काळात हजेरीला मोल आलं. 1992 पासून दुर्बल घटकांतल्या मुलींना दिवसाला 1 रुपया उपस्थिती भत्ता मिळू लागला. 1995 च्या पोषण आहार योजनेत 80 टक्के हजेरीवर दरमहा 3 किलो तांदूळ होता. गरीब घरांना त्याचा आधार झाला. पण शिक्षकांची पदं आणि अनुदानही पटसंख्येवरच ठरत असल्यानं काही ठिकाणी पट फुगले. ऑक्टोबर 2011 मध्ये राज्यभर पटपडताळणी झाली. एकच मूल दोन शाळांत मोजलं जाऊ नये म्हणून मुलांच्या बोटांना शाई लावली. पटावरची सुमारे 20 लाख मुलं वर्गात सापडली नाहीत.

2015 मध्ये ‘सरल’ प्रणाली आली, प्रत्येक विद्यार्थ्याची ऑनलाइन नोंद झाली. डिसेंबर 2023 पासून शिक्षक मोबाइलवरच्या चॅटबॉटवर हजेरी भरू लागले. आखणी गेली, बेरीज गेली, खोटी नावं लपवणं अवघड झालं. हे चांगलंच झालं. मात्र गोखल्यांच्या हजेरी समितीचं काम कुठलंही सॉफ्टवेअर करत नाही: घरी जाऊन विचारपूस करण्याचं.

म्हणून मुख्याध्यापकांना माझं कळकळीचं सांगणं आहे. सलग तीन दिवस गैरहजर असलेल्या मुलांची यादी आता बसल्या जागी मिळते. ती रोज काढा, आणि त्याच दिवशी कुणाला तरी त्या घरी पाठवा.