न्यायासनाशेजारचा सल्लागार: शास्त्री, शिरस्तेदार आणि जज ॲडव्होकेट

नाशिक आणि त्याला लागून असलेला देवळाली कॅम्प या परिसराचा न्यायालयीन इतिहास चाळताना न्यायाधीशांची नावे सहज हाती लागतात. परंतु न्यायाधीशाच्या शेजारी बसून त्याला कायदा सांगणाऱ्या, कागद लावून देणाऱ्या आणि निकालापूर्वी टिपण तयार करणाऱ्या माणसाचा माग मुद्दाम काढावा लागतो. निकालावर या माणसाची सही नसते आणि निकालाची जबाबदारीही त्याची नसते, तरीही वाद न्यायाधीशापुढे कोणत्या रूपात उभा राहावा हे पुष्कळदा त्याच्याच हातून ठरते. म्हणूनच त्याने दिलेला सल्ला लेखी नोंदला गेला की केवळ कानावर घातला गेला, हा या पेशाच्या इतिहासातील कळीचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर प्रत्येक काळात वेगळे मिळते.

पेशवाईत वादी आणि प्रतिवादी आपापली बाजू लेखी मांडत. या लेखी निवेदनाला तकरीर म्हणत. तकरिरी, करीने म्हणजे हकिकतीचे तपशीलवार कागद, आणि साक्षीपुरावा यांचा एकत्रित ‘सारांश’ काढला जाई, आणि त्याच्या आधारे निवाडपत्र तयार होई. सारांश ज्याच्या लेखणीतून उतरे त्याच्याकडे कोणताही अधिकार नसे, परंतु वादातील कोणता मुद्दा वर यावा आणि कोणता मागे पडावा यावर त्याचा प्रभाव राही. धर्मशास्त्राच्या प्रश्नांत, विशेषतः प्रायश्चित्ताच्या बाबतीत, नाशिक, पैठण आणि कऱ्हाड येथील विद्वान ब्राह्मणांचे मत मागविण्याचा प्रघात होता. १७५९ पासून पुण्यात न्यायाधीशपद सांभाळणारे रामशास्त्री प्रभुणे स्वतःच शास्त्री होते, त्यामुळे त्यांच्या ठायी सल्लागार आणि निर्णयकर्ता या दोन भूमिका एकवटल्या होत्या. कंपनीच्या राज्यात त्या पुन्हा वेगळ्या झाल्या.

१८१८ मध्ये हा मुलूख इंग्रजांकडे गेला आणि १८२७ मध्ये एल्फिन्स्टन संहिता या नावाने ओळखले जाणारे मुंबई सरकारचे कायदे लागू झाले. १८६९ मध्ये नाशिक स्वतंत्र जिल्हा होईपर्यंत या भागातील बरेचसे कामकाज अहमदनगरशी जोडलेले होते. वारसा, दत्तक, विवाह अशा बाबतींत हिंदूंना हिंदू धर्मशास्त्राप्रमाणे आणि मुसलमानांना इस्लामी कायद्याप्रमाणे न्याय द्यावयाचा, हे धोरण ठरले. परंतु विलायतेहून आलेल्या न्यायाधीशाला संस्कृत ग्रंथ वाचता येत नसत. म्हणून अदालतींना शास्त्री आणि काझी जोडून दिले गेले. न्यायाधीश वादाचा प्रश्न लिहून शास्त्र्याकडे धाडी आणि शास्त्री ग्रंथाधार देऊन लेखी उत्तर, म्हणजे व्यवस्था, परत पाठवी.

या व्यवस्थांचे स्वरूप आज कसून पाहता येते, कारण रेमंड वेस्ट या न्यायखात्यातील अधिकाऱ्याने आणि गेओर्ग ब्यूलर या संस्कृत पंडिताने मुंबई इलाख्यातील अदालतींत साठलेली शास्त्र्यांची उत्तरे गोळा करून त्यांचा संग्रह १८६७ पासून प्रसिद्ध केला. त्यात आधी प्रश्न, मग उत्तर, मग गाव आणि तारीख, त्यानंतर मिताक्षरा, व्यवहारमयूख, वीरमित्रोदय यांसारख्या ग्रंथांतील आधार आणि अखेरीस संपादकांचा शेरा अशी मांडणी आहे. शास्त्र्याचे मत चुकीचे वाटल्यास संपादक तेथेच तसे नमूद करतात. विधवेने दत्तक घेण्याचा प्रश्न हे या कामाच्या महत्त्वाचे चांगले उदाहरण होय. बंगालमध्ये नवऱ्याच्या परवानगीवाचून विधवेला दत्तक घेता येत नसे. महाराष्ट्रात मात्र, नवऱ्याने स्पष्ट मनाई केली नसेल तर, वेगळ्या राहिलेल्या पुरुषाच्या विधवेला ती मुभा होती. हा फरक कोणा कायदेमंडळाने केलेला नव्हता. तो ग्रंथांच्या अन्वयार्थाचा आणि रूढीचा होता, आणि तो अदालतीपुढे मांडण्याचे काम शास्त्री करीत. एखाद्या घराची शेतजमीन कोणाकडे जाणार हे त्या चार ओळींच्या उत्तरावर अवलंबून असे, हे लक्षात घेतले म्हणजे या माणसांच्या जबाबदारीची खोली कळते, आणि त्यांच्याकडे केवळ दुय्यम कारकून म्हणून पाहणे अन्यायाचे ठरते.

१८६४ च्या अकराव्या कायद्याने ही पदे बंद झाली. धर्मशास्त्राची भाषांतरे आणि जुने निवाडे उपलब्ध झाल्याने न्यायाधीशाला आता शास्त्राचे ज्ञान स्वतःच असले पाहिजे, असे धोरण आले. शास्त्र्यांची मते परस्परविरोधी असतात आणि ती विकत मिळू शकतात, असा संशयही त्यामागे होता. परंतु ज्या मतांवर संशय घेतला गेला ती कागदावर होती आणि म्हणूनच तपासता आली, ही गोष्ट त्या वेळच्या टीकाकारांनी पुरेशी लक्षात घेतली नाही.

शास्त्री गेले, पण शिरस्तेदार राहिला. न्यायालयाच्या दफ्तराचा प्रमुख, दावे दाखल करून घेणारा, कागद क्रमाने लावणारा असा हा अधिकारी. मराठी जबान्या आणि मोडी दस्तऐवज वाचून दाखविण्यासाठी गोऱ्या न्यायाधीशाला अशा माणसावाचून गत्यंतर नसे, आणि त्यामुळे त्याचे वजन त्याच्या हुद्द्यापेक्षा कितीतरी अधिक असे. शास्त्र्याच्या व्यवस्थेसारखी कोणतीही लेखी खूण त्याचा सल्ला मागे ठेवीत नाही. ही परिस्थिती पालटली ती देशी न्यायाधीश पुढे आल्यावर. निफाड येथे १८४२ मध्ये जन्मलेले महादेव गोविंद रानडे १८७८ मध्ये पुण्याहून नाशिकला बदलून आले, तेव्हा मुंबई विद्यापीठाचा कायद्याचा पदवीधर, ज्याला पक्षकाराची भाषा अवगत आहे, असा न्यायाधीश या शहराला मिळाला.

उच्च न्यायालयाच्या पातळीवर हे काम पुढे लघुलेखक, स्वीय सहायक आणि खासगी सचिव यांच्यात विभागले गेले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती होरेस ग्रे यांनी १८८२ पासून नवे कायदा पदवीधर स्वखर्चाने मदतीला घेण्याचा पायंडा पाडला. आज भारताच्या सर्वोच्च न्यायालयात आणि उच्च न्यायालयांत ठरावीक मुदतीसाठी नेमलेले लॉ क्लार्क याचिका वाचून टिपण काढतात आणि जुने निवाडे शोधतात. हे टिपण न्यायमूर्तींच्या दालनातच राहते. पक्षकारांना किंवा वकिलांना ते पाहता येत नाही.

देवळाली कॅम्पात मात्र सल्लागाराची एक निराळी परंपरा आहे. लष्करी छावणीत किरकोळ फौजदारी कामांसाठी ब्रिटिश काळी छावणीचा दंडाधिकारी असे. सैनिकावरील गंभीर आरोप मात्र कोर्ट मार्शलपुढे, म्हणजे लष्करी अधिकाऱ्यांच्या न्यायालयापुढे चालत, आणि आजही चालतात. १९५० च्या लष्कर कायद्याप्रमाणे जनरल कोर्ट मार्शलमध्ये किमान पाच अधिकारी बसतात. ते तोफखान्याचे वा पायदळाचे असू शकतात, कायद्याचे पदवीधर असण्याची गरज नसते. म्हणूनच अशा प्रत्येक न्यायालयात जज ॲडव्होकेट हजर असणे बंधनकारक आहे. हा लष्कराच्या विधी विभागातील अधिकारी असून त्या विभागाची प्रशिक्षणसंस्था नागपूरजवळ कामठीस आहे. त्याने पूर्णपणे निःपक्ष राहावयाचे असते आणि कायद्याच्या कोणत्याही प्रश्नावर फिर्यादी पक्ष आणि आरोपी या दोघांनाही त्याचे मत मागण्याचा हक्क असतो. पुराव्याचा आढावा तो सर्वांसमक्ष घेतो, सदस्य बंद दाराआड विचारविनिमयास बसतात तेव्हाही तो तेथे असतो, पण त्याला मत नसते. सदस्यांची मते सर्वांत कनिष्ठापासून घेतली जातात, म्हणजे वरिष्ठाचे म्हणणे ऐकून कनिष्ठ दबणार नाही.

जज ॲडव्होकेटची वा न्यायालयाची इच्छा असेल तर त्याने दिलेला सल्ला कामकाजात नोंदला जातो. कोर्ट मार्शलची शिक्षा वरिष्ठ अधिकाऱ्याने कायम केल्यावाचून अमलात येत नसल्याने, असा नोंदलेला सल्ला पुष्टी देणाऱ्याच्या टेबलावर जातो. आणि २००७ च्या कायद्यानुसार स्थापन झालेल्या सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठापुढे आरोपीने अपील केले, तर त्याच नोंदीतील एखादे वाक्य धरून आरोपीचा वकील युक्तिवाद करू शकतो.