अलाहाबादच्या मातीच्या थाळ्या

महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठल्याची बातमी हिवाळ्यात हमखास येते. तापमापकाचा आकडा मात्र शून्याच्या बराच वर असतो. मग दव गोठते कसे? माझे विज्ञानाचे शिक्षण बारावीपुरतेच. उत्तर शोधत जुने कागद चाळताना मी अठराव्या शतकातल्या अलाहाबादेत जाऊन पोचलो.

सर रॉबर्ट बार्कर हे ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगालमधील सैन्याचे सेनापती होते. तिथल्या बर्फ तयार करण्याच्या रीतीवरचे त्यांचे टिपण लंडनच्या रॉयल सोसायटीने १७७५ साली छापले. मोकळ्या मैदानात तीस फूट लांबरुंद, दोन फूट खोल खड्डे. तळाशी उसाची किंवा मक्याची वाळलेली ताटे फूटभर अंथरलेली. त्यांवर बिनझिलईच्या मातीच्या उथळ थाळ्या. संध्याकाळी त्यांत उकळून निववलेले पाणी ओतायचे आणि सूर्योदयापूर्वी बर्फ टोपल्यांत गोळा करायचा. अलाहाबादेत आपोआप गोठलेले पाणी आपण कधी पाहिले नाही, असेही बार्कर नोंदवतात.

पाणी शून्य अंशावर आले की बर्फ झाला, असे होत नाही. वीस अंशांचे एक ग्रॅम पाणी शून्यावर आणायला वीस कॅलरी उष्णता काढावी लागते. त्याच पाण्याचा बर्फ करायला आणखी सुमारे ऐंशी. ही सुप्त उष्णता स्कॉटलंडच्या जोसेफ ब्लॅक यांनी उलगडली. पाणी उकळण्याचा परिणामही त्यांनी १७७५ मध्येच तपासला. उकळलेले पाणी आधी गोठू लागले. न उकळलेले गोठणबिंदूखाली जाऊनही द्रवच राहिले आणि ढवळल्यावर गोठले.

पण अलाहाबादेत एवढी उष्णता जात कुठे होती? बाष्पीभवनात, असे अनेक विद्वानांचे मत होते. तसे असते तर वाऱ्याने मदत व्हायला हवी. प्रत्यक्षात वारा सुटला की बर्फ हुकायचा. १८१४ मध्ये विल्यम चार्ल्स वेल्स यांनी दवावरील निबंधात कोडे सोडवले. निरभ्र रात्री पाणी आपली उष्णता आकाशाकडे उत्सर्जित करते आणि भोवतालच्या हवेहूनही थंड होते. ताटांच्या थरामुळे जमिनीची ऊब वर येत नाही. वारा मात्र उबदार हवा आणून सगळे बिघडवतो. वेण्णाकाठचे गवतही असेच हवेपेक्षा थंड होते.

बार्कर, ब्लॅक, वेल्स ही नावे ग्रंथांत राहिली. थंडीत थाळ्या भरणाऱ्यांपैकी एकाचेही नाव बार्करच्या टिपणात नाही. त्यांना उत्सर्जनाचा सिद्धांत ठाऊक होता, असा दावा मी करणार नाही; पूर्वजांना सगळेच माहीत होते, हे म्हणणे सोपे आणि खोटे आहे. पण ताटांचा थर, थाळीची उथळ बैठक, वाऱ्याची धास्ती यांतले काहीच चुकीचे नव्हते. विद्वानांचे स्पष्टीकरण चुकत होते, तेव्हाही पहाटे बर्फ मिळत होता. गोठण्याच्या इतिहासात या हातांना निदान एक परिच्छेद तरी मिळायला हवा.