पवित्र साक्रामेंताची आराधना : आयोजनाचे नियम आणि भाविकांची जबाबदारी

पवित्र मिस्सेत पवित्रीकरण झालेल्या भाकरीत येशू ख्रिस्ताचे प्रत्यक्ष सान्निध्य असते आणि मिस्सा संपल्यावरही ते कायम राहते, अशी कॅथलिक ख्रिस्ती समाजाची श्रद्धा आहे. ही भाकर वेदीवर दर्शनासाठी ठेवून तिच्यासमोर मौन, प्रार्थना व स्तोत्रगायन करण्याच्या उपासनेला पवित्र साक्रामेंताची आराधना म्हटले जाते. हिंदी भाषक कॅथलिक समाजात या साक्रामेंतासाठी 'परमप्रसाद' हा शब्द रूढ आहे.

मध्य प्रदेशातील जबलपूर हे कॅथलिक धर्मप्रांताचे केंद्र आहे. १९३२ मध्ये येथे स्वतंत्र धर्मक्षेत्र निर्माण करण्यात आले आणि १९५४ मध्ये त्याला धर्मप्रांताचा दर्जा मिळाला. संत पीटर व संत पॉल यांच्या नावाचे कॅथेड्रल याच शहरात आहे. २०११ च्या जनगणनेनुसार राज्यातील ख्रिस्ती लोकसंख्या सुमारे ०.३ टक्के होती. एवढ्या अल्पसंख्य समाजात दीर्घकाळ चालणाऱ्या आराधनेचे आयोजन करताना पुरेशा भाविकांची उपस्थिती हाच कळीचा प्रश्न ठरतो.

विधी कसा होतो?

एरवी ही भाकर 'टॅबरनॅकल' नावाच्या कुलूपबंद पेटीत ठेवलेली असते. आराधनेसाठी ती बाहेर काढून, काचेआडून दिसेल अशा रीतीने, 'मॉन्स्ट्रन्स' या उभ्या पात्रात ठेवण्यात येते. त्याच्या सभोवती सूर्यकिरणांसारखी नक्षी असते. वेदीवर चार किंवा सहा मेणबत्त्या लावून धूप दाखवला जातो. त्यानंतर बायबलवाचन, प्रार्थना आणि मौनचिंतन होते. अखेरीस खांद्यावर खास वस्त्र घेतलेले धर्मगुरू त्याच पात्राने उपस्थितांना आशीर्वाद देतात. हा आशीर्वाद धर्मगुरू किंवा डीकन यांनाच देता येतो. नियुक्त सेवकांना विशेष परिस्थितीत केवळ दर्शन खुले करण्याची व भाकर पुन्हा पेटीत ठेवण्याची मुभा आहे. तसेच केवळ आशीर्वादापुरते दर्शन खुले करणे नियमबाह्य मानले जाते.

पाळ्यांचे वेळापत्रक

दर्शन खुले असताना पवित्र साक्रामेंत क्षणभरही भाविकांविना राहू नये, असा दंडक व्हॅटिकनने २००४ मध्ये जारी केलेल्या सूचनापत्रात आहे. त्यासाठी भाविकांनी आळीपाळीने उपस्थित राहावे, असेही त्यात नमूद आहे. त्यामुळे कुटुंबे, युवक गट व धर्मभगिनी यांना तासांची विभागणी करून देणे, एखादी व्यक्ती न आल्यास पर्यायी नाव तयार ठेवणे, ही आयोजनातील महत्त्वाची कामे ठरतात. जबलपूर हे शस्त्रनिर्मिती कारखान्यांचे आणि पश्चिम मध्य रेल्वेच्या मुख्यालयाचे शहर आहे. अशा ठिकाणी वेळापत्रक आखताना नोकरीतील पाळ्या ध्यानात घेणे क्रमप्राप्त असते.

पुरेसे भाविक जमण्याची शक्यता असेल तरच वार्षिक आराधना आयोजित करावी, असे धर्मसंहिता सांगते. सलग उपस्थिती शक्य नसल्यास पूर्वनियोजित वेळी, दिवसातून जास्तीत जास्त दोनदा, भाकर पेटीत परत ठेवण्याची सवलत १९७३ च्या विधिग्रंथाने दिली आहे. म्हणूनच रात्रभराची आराधना जाहीर करून मध्यरात्री मंदिर ओस पडू देण्यापेक्षा मोजक्या तासांची आराधना नियमाला अधिक धरून असते.

परंपरा

पोप अर्बन चौथे यांनी १२६४ मध्ये ख्रिस्तशरीराचा सण सर्व ख्रिस्तसभेसाठी लागू केला. सलग चाळीस तासांच्या आराधनेची प्रथा सोळाव्या शतकात इटलीतील मिलान शहरातून पसरली. भारतात १९६४ मध्ये मुंबई येथे या साक्रामेंताला वाहिलेली ३८ वी आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. त्या वेळी आलेले पोप पॉल सहावे हे भारतभेटीवर आलेले पहिले पोप होत. अशा सोहळ्यांना मोठा जनसमुदाय लाभतो. छोट्या धर्मग्रामातील आराधना मात्र ठरलेल्या तासाला येऊन बसणाऱ्या एक-दोन भाविकांवरच अवलंबून असते.