कुंडलिकेचे पाणी आणि रोह्याची औद्योगिक वसाहत : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रास्ताविक

लहान गावात उद्योग का येतात, या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडे बहुधा शासकीय सवलतींच्या यादीत शोधले जाते. भूखंडाचा दर, विक्रीकरातील सवलत, वीज, रस्ता यांची जंत्री दिली की विवेचन पूर्ण झाले असे मानले जाते. रायगड जिल्ह्यातील रोहे शहरालगतच्या धाटाव औद्योगिक वसाहतीचा इतिहास मात्र या रीतीने उलगडत नाही. येथे आलेले उद्योग मुख्यत्वे रासायनिकच का, आणि ते येथेच का, या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत निबंधात करावयाचा आहे.

सवलतींची मर्यादा

महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियम १९६१ मध्ये संमत झाला व १ ऑगस्ट १९६२ रोजी औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले. मुंबई-ठाणे-पुणे पट्ट्यातील उद्योगांची गर्दी बाहेर वळविण्यासाठी १९६४ पासून सामूहिक प्रोत्साहन योजना लागू झाली, तर १९६६ मध्ये सिकॉमची स्थापना झाली. परंतु हे सर्व मराठवाड्यालाही होते, विदर्भालाही होते. मुंबईचे सान्निध्य हे कारण सांगितले जाते व ते खरेही आहे. तथापि मुंबईपासून तेवढ्याच अंतरावरील इतर अनेक गावे कारखान्यांविनाच राहिली. रेल्वेचे श्रेय तर देताच येत नाही. सत्तरच्या दशकातच धाटावला कारखाने उभे राहू लागले होते आणि आपट्याहून रोह्यापर्यंत लोहमार्ग आला तो १९८६ मध्ये.

बारमाही नदी

कोकणातील नद्या पावसाळ्यात दुथडी भरून वाहतात आणि उन्हाळ्यात कोरड्या पडतात. कुंडलिका त्याला अपवाद आहे, पण हा अपवाद निसर्गाने केलेला नाही. घाटमाथ्यावरील मुळशी धरणाचे पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून खाली सोडून भिरा येथे वीजनिर्मिती होते. हे केंद्र १९२७ मध्ये सुरू झाले. टर्बाइन फिरवून झालेले पाणी कुंडलिकेत येते, म्हणूनच ती वैशाख-ज्येष्ठातही वाहती राहते. कोलाडच्या परिसरात परगावचे पर्यटक नौकाविहारासाठी येतात, तेही याच पाण्यावर.

ज्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशी सत्याग्रह झाला, तेच हे धरण. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी म्हणून मावळातील शेतकऱ्यांची शेते बुडाली आणि त्या विजेचे उरलेले पाणी, जवळजवळ अर्धशतकानंतर, घाटाखालच्या कारखान्यांचे आकर्षण ठरले. रंग, रंगद्रव्ये, कीटकनाशके व त्यांची मध्यवर्ती रसायने तयार करणाऱ्या उद्योगाला प्रक्रियेसाठी, थंड करण्यासाठी व धुण्यासाठी गोडे पाणी अखंड लागते. ते येथे धरण न बांधता उपलब्ध होते. औद्योगिक इतिहासाच्या अभ्यासकांनी मुळशी आणि धाटाव ही दोन प्रकरणे एकत्र वाचावयास हवी होती. ती तशी वाचली गेली नाहीत, याचे कारण बहुधा एवढेच की एक पुणे जिल्ह्यात मोडते व दुसरे रायगडात.

नदीचे दुसरे टोक

रासायनिक उद्योगाला पाणी घेण्याइतकीच ते सोडण्याचीही सोय लागते. रोह्याच्या खाली कुंडलिका भरती-ओहोटीच्या पट्ट्यात शिरते व रेवदंडा-साळाव यांच्यामधून समुद्राला मिळते. नदीच्या वरच्या अंगाला गोडे पाणी आणि खालच्या अंगाला खाडी, अशी ही जागा होती. महाराष्ट्राने जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा १९६९ मध्ये केला व १९७० मध्ये मंडळ स्थापन झाले, म्हणजे धाटावची उभारणी होत असताना कायदा अस्तित्वात होता. सामुदायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्र मात्र पुष्कळ नंतर आले. कारखाना आधी व शुद्धीकरण मागाहून, हा क्रम केवळ रोह्याचा नव्हे. सावित्रीकाठच्या महाडलाही तोच आढळतो.

येथे भूसंपादनाच्या कायद्याचे एक वैगुण्य नोंदविणे आवश्यक वाटते. १९६१ च्या अधिनियमाने जमीनधारकाला मोबदला मिळतो. रायगडच्या शेतकऱ्याला जमिनीचे मोल ठाऊक होते, कारण १९३३ च्या चरीच्या संपापासून १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनापर्यंत झगडून कुळांनी ती मिळविली होती. तिच्या मोबदल्याविषयी तो भांडू शकत होता, कारण सातबाऱ्यावर त्याचे नाव होते. खाडीत जाळे टाकणाऱ्या कोळ्याचे नाव कोणत्याच उताऱ्यावर नव्हते. वसाहतीच्या जमाखर्चात त्यामुळे तो कधी आलाच नाही.

अलीकडील प्रयत्न

उद्योग आकर्षित करण्याची स्पर्धा आता तालुक्यांची न राहता राज्यांची झाली आहे. रोहा व मुरूड तालुक्यांत औषधनिर्मितीच्या मूलद्रव्यांचे उद्यान उभारण्याचा प्रस्ताव महाराष्ट्राने केंद्राकडे पाठविला होता. २०२२ मध्ये केंद्राने हिमाचल प्रदेश, गुजरात व आंध्र प्रदेश यांची निवड केली आणि मुंबईत त्यावरून मोठा राजकीय वाद झाला. प्रकल्प कोणी गमावला, यावर दोन्ही बाजू बोलत राहिल्या. मात्र या परिसरातील ग्रामस्थांचा प्रस्तावाला आधीपासून विरोध होता, ही बाब त्या वादात मागे पडली. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या बारा औद्योगिक नगरांत दिघीचा समावेश आहे. बंदर, महामार्ग व कोकण रेल्वे ही त्याची बलस्थाने म्हणून सांगितली जातात. पाणी कोठून येणार आणि वापरून झाल्यावर कोठे जाणार, हे धाटावला सत्तरच्या दशकात न विचारले गेलेले प्रश्न राजपुरीच्या खाडीकाठी मात्र आताच विचारता येतील.