जुन्या मोटारीला रस्ता हवा : वसई, कामण, अंजूर

इतिहासाच्या व्याख्यानमालेत मोटारींची सहल कुठून आली, असा प्रश्न काहींच्या मनात आला असेल. उत्तर साधं आहे. जुनी मोटार ही ऐतिहासिक वस्तू आहे, पण कपाटात ठेवून टिकणारी नव्हे. महिनोन्‌महिने उभी राहिली की ब्रेक जाम होतात, रबरी भाग कडक होऊन चिरतात, टाकीतलं पेट्रोल खराब होतं. म्हणजे ती जपायची तर चालवायला हवी, आणि चालवायची तर तिला झेपेल असा रस्ता शोधायला हवा. आज आपण अशा रस्त्यांचा इतिहास थोडक्यात पाहू आणि कामणवरून जाणारा एक मार्ग आखू.

सुरुवात मोटारीच्याही आधीपासून करू. 10 नोव्हेंबर 1830 रोजी गव्हर्नर जॉन माल्कम यांनी बोरघाटाचा रस्ता चाकांच्या वाहनांसाठी खुला केला. त्या काळी चाकाचं वाहन म्हणजे बैलगाडी किंवा घोडागाडी. त्यामुळे त्या जमान्यातल्या रस्त्यांचा हिशेब जनावराच्या दमाचा असे: चढ किती, पाणी कुठे, एका मजलीनंतर मुक्काम कुठे. मुंबईत पहिल्या मोटारी 1898 च्या सुमारास आल्या, त्या याच रस्त्यांवर धावू लागल्या. आणि गंमत बघा, त्या मोटारींच्या गरजाही बैलासारख्याच होत्या. चढावर दमायचं, तापायचं, थांबून पाणी प्यायचं.

म्हणून आपल्याकडे मोटारीची लांबची सहल पहिल्यापासून परीक्षाच होती. 1908 साली मुंबई ते कोल्हापूर अशी चाचणी झाली. सुमारे 620 मैलांची दौड, वाटेत सहा घाट. ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ नावाच्या रोल्स-रॉइसने ती जिंकली आणि पुढे ती गाडी ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी विकत घेतली. आज ज्या घाटांकडे आपण देखावा म्हणून पाहतो, तिथे तेव्हा गाडीची लायकी ठरत होती.

त्याच वर्षी अमेरिकेत फोर्डची मॉडेल टी आली. तिच्यात पेट्रोलचा पंप नव्हता. टाकी सीटखाली, आणि पेट्रोल केवळ उतारानं इंजिनात जायचं. टाकीत पेट्रोल कमी असेल आणि चढ उभा असेल, तर पुरवठा तुटायचा. मग चालक काय करायचा? गाडी उलटी फिरवून रिव्हर्समध्ये चढ चढायचा! आता अशा गाडीची सहल आखणाऱ्यानं आधी निसर्ग पाहायचा की चढ?

मोटारी वाढल्या तसं रस्त्यांचं ज्ञानही संघटित झालं. 1919 मध्ये मुंबईत वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशन स्थापन झाली. 1928 पासून जनरल मोटर्स शिवडीला गाड्या जोडू लागली.

आता आजचा कायदा. केंद्र सरकारने 2021 मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी नियम केले. 50 वर्षांहून जुनी, मूळ सांगाडा, बॉडी आणि इंजिन यांत मोठा बदल न केलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचं शुल्क 20,000 रुपये, आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरं. पण मुख्य अट पुढे आहे. ही गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या वापरासाठी नाही. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, रॅली, त्यासाठीचं जाणं-येणं, इंधन आणि देखभाल एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर येऊ शकते. म्हणजे नीट आखलेली रॅली नसेल, तर अशा गाडीला शेडबाहेर पडायला निमित्तच फार थोडं उरतं.

तर आपला मार्ग. सुरुवात वसईच्या किल्ल्यापासून. तिथून महामार्गावर चिंचोटीला यायचं, पूर्वेला वळायचं आणि कामण, पोमण, खारबाव करत अंजूरफाट्याला पोहोचायचं. चिंचोटीपासून हे अंतर साधारण 25 किलोमीटर. डाव्या हाताला तुंगारेश्वर अभयारण्याचे डोंगर आणि दोन हजार फुटांहून उंच कामणदुर्ग. उजव्या अंगाला, थोडं दूर, उल्हास नदीची खाडी. बोरघाटासारखा चढ कुठेही नाही. दमणाऱ्या इंजिनाला आणखी काय हवं?

पण हा मार्ग निवडण्याचं खरं कारण त्याची दोन टोकं आहेत. अंजूर हे गंगाजी नाईक अंजूरकरांचं गाव. पोर्तुगीजांच्या जाचाविरुद्ध पेशव्यांकडे दाद मागणाऱ्यांत हे घराणं पुढे होतं. 1737 मध्ये मोहीम सुरू झाली आणि मे 1739 मध्ये चिमाजी आप्पांच्या फौजेनं वसई घेतली. ज्या गावातून गाऱ्हाणं निघालं आणि ज्या किल्ल्यावर त्याचा निकाल लागला, ती दोन्ही ठिकाणं एका सकाळच्या प्रवासात येतात. मध्ये कामण.

आखणी करताना काही गोष्टी पाळाव्यात. पावसाळा टाळावा, नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. रविवारी उजाडताच निघावं, कारण एरवी भिवंडीच्या गोदामांकडे जाणारे ट्रक आणि कंटेनर हा रस्ता व्यापतात. फक्त मागच्या चाकांना ब्रेक असलेली गाडी कंटेनरच्या मागे चालवणं म्हणजे जिवाशी खेळ. पाणी भरायला आणि इंजिन निवायला कामणला अर्धा तास थांबावं. आणि आदल्या आठवड्यात एकानं साध्या गाडीनं जाऊन खड्डे मोजून यावं.

हे शेवटचं काम सर्वांत महत्त्वाचं. कारण खड्डे वाढले की हौशी मंडळी गाड्या ट्रेलरवर चढवतात, प्रदर्शनाच्या मैदानात उतरवतात आणि तशाच परत नेतात. मोटार राहते, प्रवास संपतो. मात्र कामण-पोमणच्या लोकांकडे ट्रेलर नाही; त्यांना त्याच खड्ड्यांतून रोज जावं लागतं. जो रस्ता नव्वद वर्षांच्या गाडीला सोसतो, तो दवाखान्याकडे निघालेल्या बाळंतिणीच्या रिक्षालाही सोसतो. तेव्हा जुन्या मोटारींच्या मंडळींनी खड्ड्यांची यादी स्वतःपुरती ठेवू नये. ती ग्रामस्थांना द्यावी आणि त्यांच्यासोबत रस्त्याची मागणी करावी. या वाटेवर एका गावाच्या तक्रारीनं इतिहास घडवलेला आहेच.