गोधडीचा ताण

वऱ्हाडच्या इतिहासात कापसाचे स्थान सर्वश्रुत आहे. अमेरिकेत १८६१ पासून १८६५ पर्यंत यादवी युद्ध चालले, लँकेशायरच्या गिरण्यांस तिकडचा कापूस मिळेनासा झाला, आणि आमच्या काळ्या जमिनीचे भाग्य एकाएकी उजळले. १९०५ पर्यंत वणीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या यवतमाळ जिल्ह्याच्या गासड्या सरकारी दफ्तरांत मोजल्या जाऊ लागल्या. परंतु हा कापूस पिकविणाऱ्या कुणब्याच्या अंगावर रात्री काय असे? कापसाने भरलेली दुलई क्वचितच. बहुधा जुन्या लुगड्यांची व धोतरांची गोधडी. कापूस बाजारात जाई आणि त्याच्या चिंध्या घरी राहत!

गोधडीस दारिद्र्याची खूण मानण्याची सवय आम्हा पांढरपेशांस जडली आहे. कंथा हा शब्द संस्कृतात जुना आहे आणि तो विरक्ताच्या अंगावर शोभतो, इतकेच आम्ही जाणतो. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात शेंडगाव येथे १८७६ साली जन्मलेल्या गाडगेबाबांना लोक गोधडेबुवा म्हणत, तेही त्यांच्या ठिगळांच्या वस्त्रावरूनच. पण ती शिवण्यात जे शास्त्र आहे, तिकडे आमचे लक्ष गेले नाही.

कापड उभ्या धाग्यास फारसे ताणत नाही, आडव्यास किंचित ताणते, आणि तिरकस ओढले की हवे तसे वाकडे होते. कारण उघड आहे: सरळ ओढीत धागा स्वतः भार घेतो, तिरकस ओढीत ताणाबाण्याची चौकट तेवढी कलते. जुने, धुवून विरलेले लुगडे तर अधिकच सैल. म्हणून जाणती बाई तुकडा फाडून घेते, कातरीने तिरपा कापीत नाही. फाडलेली कड धाग्याच्या रेषेतच सरळ येते. लुगड्याचे काठ घट्ट विणीचे, ते ती गोधडीच्या कडेस लावते. त्रिकोणी ठिगळ घ्यावेच लागले तर त्याची तिरकी बाजू मोकळी न ठेवता खालच्या अखंड पदरावर बसवून टाचते. मग ताण ठिगळास न बसता त्या पदरास बसतो. अंगणात थर पसरावयाचे, कोपऱ्यांवर दगड ठेवावयाचे, हाताने सुरकुती काढावयाची (ओढून नव्हे, थोपटून), मग लांब कच्चे टाके आणि त्यानंतर धावदोरा. पुष्कळ घरी तो कडेपासून आरंभून चौकोनी फेऱ्यांनी मध्याकडे नेतात. कड आधी बांधली गेली की ती पुढे पसरत नाही.

नागपुरास १८७७ साली टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. गिरणीचे सूत व कापड स्वस्त झाले. आमच्या मते त्याने गोधडी संपली नाही, तिच्यातील चिंध्या मात्र बदलल्या. पुढे कृत्रिम धाग्याची पातळे आली. ती फाटत नाहीत, पण सुईखाली निसटतात, आणि सुताच्या पदराशी जोडली तर एका धुण्यात सूत आटते व ती तशीच राहतात. तेव्हा आजही जुन्या बाया अशा पातळांची गोधडी वेगळी शिवतात, सुताची वेगळी.